वहिनीचे कोपरे

२ सप्टेंबर

नव्या वहीच्या पहिल्या पानावर काय लिहावं याचा विचार करत बसले आणि आठवलं ते अगदी साधं. दादाचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. तो, वहिनी आणि मी सिनेमाला गेलो होतो. मी शाळेच्या गणवेशातच, कारण घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. पडद्यावर नायिका शेवटच्या घटका मोजत होती, बाल्कनीतल्या बायका रुमाल काढून बसल्या होत्या, मीही हुंदके देत होते. तेवढ्यात वहिनी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे, हिचं डावं कानातलं कुठे गेलं?" पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. दादा खुर्चीत इतका खाली सरकला की त्याचं डोकंच दिसेना. वहिनी मात्र हटायला तयार नाही. "खिडकीपाशी होती तेव्हा होतं की! पलंगावर पडेपर्यंत गेलं कुठे?" मरणारी नायिका राहिली बाजूला, आमची सगळी रांग कानातलं शोधायला लागली.

वहिनीचं कामच ते होतं. सिनेमा आपण बघतो तसा सरळ ओळीत कधीच घेतला जात नाही. नायक दार उघडतो तो आज, आणि त्या दारातून आत येतो तो महिन्याभरानं. मधल्या काळात शर्टाचं बटण, टेबलावरचा अर्धा पेला, भांगाची बाजू, सगळं होतं तसंच राहायला हवं. ते राहिलंय की नाही, म्हणजे सिनेमावाल्यांच्या भाषेत कंटिन्युइटी, हे बघणारी वहिनी. प्रत्येक शॉट संपला की ती आपल्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढून ठेवायची. माणसांचे नाही, कोपऱ्यांचे. दाराची कडी, टेबलाची कड, बाहीची घडी. बाहेर शहरात चित्रीकरण असलं तर पायरी, कठडा, खांब. स्टुडिओत तिला सगळे 'डोळा' म्हणायचे. 'डोळ्याला विचारा' म्हटलं की वाद मिटायचा. तो स्टुडिओ कधीच गेला. फोटो तेवढे राहिले, तिच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत.

दादा गेल्यापासून आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. सिस्टरांच्या ज्या शाळेत शिकले तिथेच भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. नणंद-भावजय एका घरात सुखानं नांदतात यावर शेजारणींचा अजून विश्वास बसत नाही. वहिनी माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तरी ती मला 'वन्सं, तुम्ही' म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करते. शाळकरी पोरीला खिजवायला म्हणून तिनं अहो-जाहो सुरू केलं, ते तसंच राहिलं.

गेल्या वर्षी तिचा उजवा डोळा गेल्यात जमा झाला. आता डाव्याच्या मधोमध धूर साचायला लागलाय. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, परदेशात असतो. ऑक्टोबरात येतोय. काल फोनवर स्पष्ट म्हणाला, "आत्या, आईला दिसत असेल तर प्रश्नच नाही. पण दिसेनासं झालं असेल तर मी तिला घेऊन जाणार. तुम्ही दोघी एकमेकींना किती सांभाळणार?" पोरगा चुकीचं काही बोलला नाही. म्हणूनच रडू आलं.

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, डोळा आहे तोवर ती ठिकाणं बघून घेऊ. फोटोतली. काय उरलंय, काय गेलंय."

म्हणून ही वही.

५ सप्टेंबर

पहिला फोटो मीच काढला पेटीतून. वहिनी म्हणाली, "मला दाखवू नका, वाचून दाखवा. तुमचं भूगोलाचं तोंड आहे, ऐकायला बरं वाटतं. डावीकडून उजवीकडे." मी वाचला. पितळी जाळीची छोटी खिडकी, खाली संगमरवरी कट्टा, आणि कट्ट्याच्या कडेला दोन खळगे. लोकांच्या कोपरांनी झिजून पडलेले.

"तिकिटाची खिडकी," ती लगेच म्हणाली. "चौकातलं थिएटर."

थिएटर पाडलं, पण दर्शनी भिंत ठेवलीय. तिथे आता चपलांचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "बोला मावशी, काय नंबर?"

वहिनी म्हणाली, "बाल्कनीची दोन."

तो बिचारा गोंधळला. "बाल्कनी... तो ब्रँड नाही आपल्याकडे."

मी त्याला फोटो दाखवला. त्यानं एका कोपऱ्यातली खोकी बाजूला केली, आणि मागे तोच कट्टा! वहिनीनं दोन्ही कोपरं बरोबर त्या खळग्यांत टेकवली. मग भिंतीवरून बोटं फिरवत म्हणाली, "जाळी गेली, पण स्क्रूची भोकं आहेत." मला चष्मा लावूनही ती भोकं दिसली नव्हती. रंगाच्या इतक्या थरांखाली बुजलेली! अजून हिची नजर किती बारीक आहे. भाच्याला कळवलं पाहिजे.

९ सप्टेंबर

वहिनीनं केलेल्या चहात मीठ पडलं. चूक माझी. काल ओटा पुसताना मी साखरेचा डबा मिठाच्या जागी आणि मिठाचा साखरेच्या जागी ठेवला होता. वहिनी एरवी हसली असती, आज चिडली. "वन्सं, कंटिन्युइटी तुटली की सगळं रीळ वाया जातं." मग तिनं मला स्वयंपाकघर शिकवलं: डबे कुठे, कपांचे कान कुठल्या बाजूला, सुरीची मूठ कुणीकडे. खुर्च्या टेबलाखाली सारायच्या. चपला कपाटात. दार एकतर उघडं नाहीतर बंद, अर्धवट कधीच नाही.

माणूस म्हातारपणी पहिल्या नोकरीकडे वळतो म्हणतात ते खरं असावं. मी नाही का दुधाच्या हिशेबातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करत!

११ सप्टेंबर

डोळ्यांचे डॉक्टर. मी आत येते म्हटलं तर वहिनी म्हणाली, "तुम्ही बाहेर मासिक वाचा, मला तिथली कोडी सोडवून ठेवा." बराच वेळ आत होती. बाहेर आली ती हसत. "आहे तसंच आहे." जीव भांड्यात पडला. येताना टॅक्सीत पूर्ण वेळ माझा हात धरून बसली होती. लाडात आली की ती असं करते.

१७ सप्टेंबर

मधले दिवस माझ्या गुडघ्यांनी खाल्ले. आज दुसरं ठिकाण. फोटोत एक लांब लाकडी बाक, त्यावर ओळीनं ठेवलेल्या टोप्या: शिपायाची, पोस्टमनची, एक राजमुकुट. स्टुडिओसमोरच्या चहाच्या हॉटेलातला. गर्दीत उभं राहायचं काम करणारे लोक तिथे बोलावण्याची वाट बघत बसायचे. टोप्या बाकावर ठेवायच्या, नाहीतर घामानं डाग पडतात.

"राजाला चहा उधार मिळायचा नाही," वहिनी सांगत होती. "पोस्टमनला मिळायचा. हॉटेलवाला म्हणायचा, राजाचं काम एक दिवसाचं, पोस्टमन रोज लागतो."

तिथे आता रक्त तपासायची लॅब आहे. पण बाक तोच! पांढरा रंग फासलाय, त्यावर बोटाला कापूस धरलेली माणसं बसली होती. वहिनी त्यांच्यात जाऊन बसली. लॅबमधली मुलगी म्हणाली, "आजी, उपाशीपोटी आहात ना?"

"मी राजाच्या जागी बसलेय," वहिनी म्हणाली. "उपाशीच असणार."

मुलगी इतकी हसली की तिच्या हातातली चिठ्ठी पडली. तिला फोटो दाखवला तर तिनं कामातून उठून येऊन बाकावरून हात फिरवला. मला वाटलं, वहिनी जिथे जाते तिथल्या निर्जीव वस्तूसुद्धा सरसावून बसतात. चाळीस वर्षं वर्गात बोलून मला हे जमलं नाही.

२४ सप्टेंबर

माझी चांगलीच फजिती झाली. फोटोत एक रुंद जिना होता, नक्षीचा कठडा, पायऱ्यांवर गालिचा धरून ठेवणारी पितळी दांडी. वहिनी पडून होती म्हणून वाचून न दाखवता फोटोच तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीकडे नेला, तिरका केला, जवळ धरला, आणि म्हणाली, "जुनं वाचनालय. मागचं दार."

मी गेले. पुढून, मागून, बाजूच्या बोळातून बघितलं. मागे लोखंडी गोल शिडी, बाकी काही नाही. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "असा जिना असता तर मी एकेका पायरीवर एकेक कपाट लावलं असतं हो. पुस्तकं ठेवायला जागा नाही इथे."

आज घरी येऊन मी वहिनीला तो फोटो रीतसर वाचून दाखवला. पितळी दांडीपर्यंत आले आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं बाई, तो जिना होय! तो कुठेच नव्हता, वन्सं. स्टुडिओत बांधलेला. लाकूड आणि पुठ्ठा. वरच्या पायरीच्या पुढे काही नाही, नुसती पोकळी. तिथे शिडीवर एक सुतार बसायचा. नायिका ऐटीत वर गेली की पडद्यामागे तिचा हात धरायचा. ती म्हणायची, नायकानं इतक्या जपून कधी धरला नाही."

"मग वाचनालय कशाला सांगितलंस?"

तिनं फोटो माझ्या हातून घेऊन पेटीत ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला चालवलं. गुडघे धरलेत ना तुमचे."

या वयातही माझी अशी थट्टा करते. गुडघे मात्र खरंच मोकळे झालेत.

१ ऑक्टोबर

आज स्टुडिओ. मी हे ठिकाण मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं. गाड्या लावायचं मैदान. गेटचा एक खांब तेवढा शिल्लक.

वहिनी मैदानाच्या मधोमध उभी राहिली. "सांगा."

मला सांगवेना. मी म्हटलं, "मोकळी जागा आहे. एक मोठं झाड आहे, छान सावली आहे."

"सावली असती तर माझा माथा तापला नसता," ती म्हणाली. "वन्सं, जे आहे तेच सांगा. मी आयुष्यभर तेवढंच केलं. पेला अर्धा असला तर अर्धा."

मग मी सांगितलं. गाड्यांच्या रांगा, तेलाचे डाग, कचऱ्याचं पिंप, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेला खांब. ती लक्ष देऊन ऐकत होती. "पिवळा-काळा? छान दिसत असेल," म्हणाली. आणि मग तिनं तिचं सांगायला सुरुवात केली. मी एक गाडी सांगायची, तिनं त्या जागी काय होतं ते सांगायचं. पांढऱ्या गाडीच्या जागी रंगपटाची खोली. लाल गाडीच्या जागी दिवेवाल्यांचा माळा. तिथून ते खाली बसलेल्या मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या टकलांना नावं ठेवायचे. तिचं ऐकताना मला एकही गाडी दिसेना.

मैदानावरचा राखणदार आला. "मॅडम, गाडी कुठली तुमची?"

"तेच शोधतोय," वहिनी म्हणाली. "फार पूर्वी लावली होती."

तो आमच्याबरोबर खरंच शोधायला लागला. शेवटी मी त्याला फोटो दाखवला: गेट, वर कमान, खाली सायकलींची गर्दी. तो खांबाला टेकून बराच वेळ बघत राहिला. "मी रोज इथेच डबा खातो," एवढंच बोलला.

६ ऑक्टोबर

भाचा परवा येतोय. वहिनीनं सगळं घर सकाळपासून लावून घेतलं. नंतर स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून खिडकीपाशी अशी चालून बघत होती, हातात रिकामा ट्रे घेऊन. "काय करतेस?" विचारलं तर म्हणाली, "रिहर्सल. माझा लेक मोठा माणूस आहे, चहा सांडायला नको." किती कौतुक असतं आयांना!

८ ऑक्टोबर

आजच लिहून ठेवते.

भाचा दुपारी आला. वहिनीनं दार उघडलं, त्याच्या गालावरून, कपाळावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली. तो बसला, बोलला. ती सहज उठायची, कपाटातून बिस्किटं काढायची, खिडकी लावायची. त्याचा चेहरा उजळत गेला. "आई, तू तर फर्स्ट क्लास आहेस! मी उगाच घाबरत होतो." मलाही अभिमानानं भरून आलं.

मग तो हात धुवायला गेला. जाताना त्यानं आपली बॅग बैठकीतून उचलली आणि स्वयंपाकघराच्या बोळात ठेवली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन निघाली, गप्पा मारत, नेहमीच्या चालीनं. मी खुर्चीत होते. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, फोटो वाचताना निघतात तसे, त्याच आवाजात: "डावीकडून. भिंत. चपलांचं कपाट. त्याच्यापुढे बॅग, निळी, आडवी, गुडघ्याएवढी. उजवीकडे वाट आहे."

वहिनी थांबली. पायानं बॅगेची कड चाचपली, उजवीकडून वळसा घातला, पुढे आली आणि ट्रे टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही.

भाचा टॉवेल हातात घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"ये, चहा निवतोय," वहिनी म्हणाली.

स्क्रूची भोकं, मीठ, वाचनालय, टॅक्सीतला हात. सगळं एकेक करून माझ्यासमोर येत गेलं. मी शिक्षिका आहे म्हणे.

९ ऑक्टोबर

सकाळी भाच्यानं विषय काढला. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," वहिनी म्हणाली. "कडेकडेचं दिसतं थोडं. मधलं नाही."

"आत्याला माहीत होतं?"

"त्यांना नव्हतं. त्यांच्या जिभेला होतं."

तो म्हणाला, "आई, मी आधीच सांगितलं होतं. माझ्याकडे लिफ्ट आहे, नर्स मिळेल, डॉक्टर घराजवळ आहे."

"तुझ्याकडे सगळं आहे रे राजा. पण खुर्ची कुठे आहे ते मला ठाऊक नाही. आणि नर्स म्हणेल, 'बसा आजी.' खुर्ची कसली आहे, कोणत्या रंगाची आहे, तिच्यावर कोण बसून गेलं, हे ती सांगायची नाही. इथे मला घर पाठ आहे. आणि बाहेरचं शहर ह्या वाचून दाखवतात."

"आणि आत्या आजारी पडली तर?"

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "पडू शकते. गुडघे चांगले नाहीत माझे." वहिनीनंच सांगितलंय, जे आहे तेच सांगायचं.

तो उठून बोळात जाऊन उभा राहिला. मग डोळे घट्ट मिटले. "आत्या, मला स्वयंपाकघरात ने. हात न लावता."

मी सांगत गेले. तो दोन पावलं गेला आणि कपाटावर आपटला. "उजवीकडे म्हणजे तुझ्या की माझ्या?" ओरडला.

"नेहमी चालणाऱ्याच्या," वहिनी म्हणाली. "कॅमेऱ्याच्या बाजूनं बघायचं नसतं."

दुसऱ्या खेपेला तो ओट्यापर्यंत पोचला. साखरेच्या डब्यावर हात ठेवला, डोळे मिटलेलेच. त्याला रडताना मी त्याच्या लहानपणानंतर आजच पाहिलं. मग म्हणाला, "एक बाई दिवसभर मदतीला यायला हवी. मी वर्षातून दोनदा येणार. आणि मी काही हलवलं तर मला रागवायचं." ठरलं. वहिनी राहतेय.

१२ ऑक्टोबर

भाचा उद्या निघतोय. जेवण झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, पेटी काढा. सगळं वाटून टाकू. अंधारात ठेवायला काढले नव्हते मी हे फोटो. प्रत्येकाच्या मागे, फोटोत काय आहे ते तुमच्या अक्षरात लिहा. आणि कुणाला काय द्यायचं ते वहीत उतरवून घ्या, म्हणजे नंतर फाटे फुटायला नकोत." तिनं सांगितलं ते असं:

तिकिटाच्या खिडकीचा फोटो चपलांच्या दुकानदाराला. गिऱ्हाइकांना दिसेल असा लावायचा, खोक्यांच्या मागे नाही.

बाकाचा फोटो लॅबमधल्या मुलीला. सुई टोचायच्या आधी लोकांना दाखवायचा, तेवढंच लक्ष दुसरीकडे जातं.

गेटचा फोटो मैदानाच्या राखणदाराला. त्यातल्या सायकली पुसट आहेत, म्हणून मागे लिहायचं की सायकली होत्या आणि एकीलाही कुलूप नव्हतं.

जिन्याचा फोटो वाचनालयातल्या बाईंना. मागे लिहायचं: हा जिना खोटा आहे. वर हात धरणारा सुतार खरा होता.

बाकीचे कोपरे मी शोधायचे. सापडतील तसे त्या त्या जागी राहणाऱ्या माणसांना द्यायचे. जागा सापडली नाही तर शेजारच्यांना.

कॅमेरा नातीला, म्हणजे भाच्याच्या मुलीला. माणसांचे फोटो सगळेच काढतात, हे तिला सांगायचं.

पेटी कामाला येणाऱ्या बाईंना, त्यांना हवी असेल तर.

एक फोटो भाच्याला, आणि तो आजच. पुलाच्या कठड्याचा आहे. डावीकडून खांबाआडून एक हात आलाय, मनगटावर घड्याळ. "तुझे बाबा," वहिनीनं त्याला सांगितलं. "मला न्यायला आले होते, आणि शॉट चालू असताना मध्ये आले. सगळे खेकसले त्यांच्यावर. हा फोटो कामाचा नव्हता, फाडायचा होता." भाच्यानं तो खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

मी थोडी वाट पाहून विचारलं, "आणि मला?"

"तुम्हाला एकही नाही," वहिनी म्हणाली. "लिहा: वन्संना काही नाही. त्यांनी उद्यापासून फोटो हातात न घेता, जे दिसेल ते सांगायचं. डावीकडून उजवीकडे. चुकलात तर मी बसलेय समोर."

मला जरा वाईट वाटलं. पण सांगितलं तसं लिहिलं.